‘यामा फाईल कोठे शे?’ : ‘दिल बेचारा’ बघताना काकूने विचारलेला प्रश्न

(पॉडकास्टच्या एपिसोडची ही लिखित आवृत्ती. बोलताना आलेले शंभरेक ‘म्हणजे’ आणि मागून भुंकणारं कुत्रं काढून टाकलंय. पिक्चरचा शेवट सांगितलेला आहे, बघायचा राहिला असेल तर आधी बघून या.)

००:०० | आधी कबुली



मागे एका एपिसोडमध्ये मी सहज बोलून गेलो की ‘दिल बेचारा’ मला काही आवडला नाही. त्यावर मेसेज आले. काहींनी प्रेमाने ‘का रे?’ विचारलं, काहींनी सरळ शिव्या घातल्या. दोघांचंही बरोबर आहे, कारण कारण न सांगता मी पुढे निघून गेलो होतो. तर आज कारण.

त्याआधी एक गोष्ट मान्य करू. १४ जून २०२० ला सुशांतसिंह राजपूत गेला आणि २४ जुलैला हा पिक्चर डिस्ने प्लस हॉटस्टारवर आला. मध्ये फक्त ४० दिवस. सबस्क्रिप्शन नसलं तरी सगळ्यांना फुकट बघता येत होता. लॉकडाऊन चालू, थिएटरं बंद. त्या रात्री आपल्यापैकी बहुतेकांनी फोन हातात घेतला तो सुशांतला निरोप द्यायला. निरोपाच्या वेळी कोणी मार्क देत बसत नाही. मीही दिले नव्हते. पण आता वर्षं उलटलीत, तर पिक्चरबद्दल पिक्चर म्हणून बोलता येईल असं वाटतं.

०१:५० | नामपूर, जुलै २०२०

मी तेव्हा पुण्याची रूम सोडून गावी आलो होतो. गाव नामपूर, तालुका बागलाण, जिल्हा नाशिक. मोसम नदी, कांदा, डाळिंब आणि दुपारी जाणारी लाईट. दिवसभर वर्क फ्रॉम होम, म्हणजे गच्चीवर रेंज शोधत फिरणं. त्या रात्री रेंज बरी होती, म्हणून फोन टीव्हीला जोडला आणि सगळे बसलो. मी, आई, चुलत बहीण आणि काकू. काकू लसूण सोलत होती. तिला हिंदी पिक्चरचं फार कौतुक नाही, पण घरात सगळे बसलेत म्हटल्यावर ती पण बसली.

काका आदल्या वर्षी, २०१९ च्या दिवाळीच्या थोडं आधी गेले होते. तोंडाचा कॅन्सर. तंबाखू.

पिक्चर सुरू होण्याआधी आम्ही काकूला विचारायला हवं होतं, हे मला नंतर सुचलं.

ती शांतपणे बघत होती. किझी ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन फिरते, ते तिने नीट बघितलं. मॅनी आला, गाणी झाली. मग ती दोघं किझीच्या आईला घेऊन पॅरिसला निघाली. तेव्हा लसणाची पाकळी हातात तशीच धरून काकूने मला विचारलं, “आरे बापू, त्या पॅरिसले चालनात, यामा फाईल कोठे शे?”

अहिराणी न कळणाऱ्यांसाठी : हे पॅरिसला चालले, पण ह्यात फाईल कुठंय?

बहीण हसली. मग थांबली. मला उत्तर देता आलं नाही. आजचा एपिसोड हे त्याचंच उत्तर आहे.

०४:०० | फाईल म्हणजे काय

ज्यांच्या घरात कोणाला मोठं दुखणं झालं नाही त्यांच्यासाठी सांगतो.

फाईल म्हणजे साडीच्या दुकानाची एक जाड पिशवी. त्यात बायॉप्सीचा रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट, सीटी स्कॅनच्या मोठ्या काळ्या फिल्म, रेशन कार्डची आणि आधारची झेरॉक्स, औषधांची बिलं, आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी. फिल्म दुमडू नये म्हणून रात्री गादीखाली ठेवायची. प्रवासात ती पिशवी वरच्या रॅकवर टाकायची नाही, मांडीवर घ्यायची. डॉक्टर बदलला की पहिला प्रश्न ‘फाईल आणली का?’ पेशंट कसा आहे ते नंतर.

काका बोलायला जाड आवाजाचे होते. ऑपरेशननंतर बोलणं जवळजवळ थांबलं. मग मुंबईत रेडिएशन, आठवड्याचे ५ दिवस, असे ६ आठवडे. तेवढे दिवस काका-काकू एका धर्मशाळेत राहिले. खाणं नाकातल्या नळीतून. काकू पेज, डाळ मिक्सरमध्ये फिरवायची, गाळायची आणि ५० मिलीच्या सिरिंजने हळूहळू आत सोडायची. त्याआधी तिने कधी मुंबई बघितली नव्हती, आणि मिक्सरला तर ती ‘पाट्यावरची चव नाही’ म्हणून नावं ठेवायची.

आणि रोज संध्याकाळी ती घरी फोन करून नामपूर मार्केटचा कांद्याचा भाव विचारायची. मग काकांना सांगायची. भाव पडलेला असला की काका हात झटकायचे, बरा असला की भुवई वर करायचे. तेवढंच त्यांचं दिवसाचं बोलणं.

माझ्या बघण्यातली सगळ्यात मोठी लव्ह स्टोरी ही आहे. त्या दोघांना हे सांगितलं असतं तर दोघंही लाजून उठून गेले असते.

०६:१० | आता पिक्चरकडे

‘दिल बेचारा’ कशावर आहे ते थोडक्यात. जॉन ग्रीन नावाच्या अमेरिकन लेखकाची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ ही कादंबरी २०१२ ला आली, २०१४ ला तिच्यावर इंग्रजी पिक्चर आला. आपला हिंदी रिमेक मुकेश छाब्राने केला, दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिलाच. गोष्ट जमशेदपूरला आणली. किझी बासूला, म्हणजे संजना सांघीला, थायरॉईडचा कॅन्सर. मॅनीला, म्हणजे सुशांतला, ऑस्टिओसार्कोमा होऊन गेलेला, एक पाय कृत्रिम. तो रजनीकांतचा फॅन. किझीच्या आवडत्या गायकाचं एक गाणं अर्धवट सुटलेलं असतं, ते का, हे विचारायला पॅरिस. तिथे मॅनी सांगतो की कॅन्सर परत आलाय. आणि मग त्याचं जाणं.

इंग्रजी पिक्चर १२६ मिनिटांचा, आपला १०१. आपल्याकडे गाणी आहेत, तरी २५ मिनिटं कमी! मग कापलं काय? जे कापलं गेलं त्यात नेमकी काकूची फाईल गेली, असं माझं म्हणणं आहे.

बघा ना. किझी आणि मॅनी भेटतात, खटके उडतात, ‘सेरी’ म्हणतात, प्रेमात पडतात. पण एकमेकांसाठी ते करतात काय? फिरतात, एक पिक्चर बनवतात, छान छान वाक्यं बोलतात. एक जण दुसऱ्याचं दुखणं उचलतोय असं फार कमी दिसतं. रांगेत थांबणं, रिपोर्टची वाट बघणं, उलटी झाल्यावर चादर बदलणं, ‘आज मला बोलायचं नाही’ म्हणून चिडणं, आणि तरी दुसऱ्याने तिथेच बसून राहणं. पैशांचा विषय तर मला आठवेल असा कुठे येतच नाही.

आम्ही कोडिंगवाले ज्याला फ्लॅग म्हणतो ना, खरं किंवा खोटं, तसा इथे आजार आहे. मॅनी आजारी : खरं. एवढी एक व्हॅल्यू बदलली की शेवटची वीस मिनिटं आपोआप रडायची चालू. घरात आजार असा येत नाही. तो महिनोन्‌महिने मागे चालू राहतो आणि घरातल्या सगळ्यांचा थोडा थोडा वेळ खातो.

चांगलं काय आहे तेही सांगतो. किझीची आई, स्वस्तिका मुखर्जी. तिचं सारखं लक्ष मुलीकडे. औषध, श्वास, चेहरा. काकूलाही तीच पटली. “ती बाईले माहिती शे,” एवढंच म्हणाली. पिक्चर त्या आईच्या बाजूने सांगितला असता तर कदाचित मी आज वेगळा एपिसोड करत असतो.

०८:५० | पिक्चरमधले आजार आणि खरे आजार

आता थोडं मेडिकल, कारण असे पिक्चर बघून डोक्यात चुकीच्या गोष्टी बसतात. मी डॉक्टर नाही, हे लक्षात असू द्या.

मॅनीचा ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर. तो जास्त करून किशोरवयात होतो, जेव्हा हाडं भरभर वाढत असतात, आणि बऱ्याचदा गुडघ्याच्या आसपास. आधी केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो, असा सर्वसाधारण क्रम. पूर्वी पाय कापण्याशिवाय इलाज नसायचा. आता बऱ्याच पेशंटमध्ये फक्त खराब हाड काढून पाय वाचवता येतो. आजार पसरलेला नसेल आणि उपचार पूर्ण झाले तर १०० पैकी साधारण ६० ते ७० जण पाच वर्षांनंतरही असतात. फुफ्फुसात गेला तर मात्र हा आकडा खूप खाली येतो.

किझीचा थायरॉईड कॅन्सर तर तरुण वयात बहुतेक वेळा उपचारांना चांगला दाद देणारा. तिचा फुफ्फुसापर्यंत गेलेला आहे, ती गोष्ट वेगळी. पण पिक्चर बघून कोणाला वाटेल की थायरॉईडची गाठ निघाली म्हणजे संपलं, तर तसं अजिबात नाही.

हे आजचं नाही. ज्या काळात जो आजार लोकांना अर्धवट माहीत असतो, तो पिक्चरवाले उचलतात. १९७१ च्या ‘आनंद’मध्ये राजेश खन्नाला आतड्याचा लिम्फोसार्कोमा आहे. ते नावच आता जुनं झालं. आज त्याला लिम्फोमा म्हणतात, आणि त्याचे बरेच प्रकार उपचाराने आटोक्यात येतात. १९७८ च्या ‘अँखियों के झरोखों से’मध्ये आपल्या सचिन पिळगावकरची हिरोईन रंजीता ब्लड कॅन्सरने जाते. तेव्हा पिक्चरमध्ये ब्लड कॅन्सर म्हटलं की शेवट ठरलेला. आज लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरचा जो सगळ्यात कॉमन प्रकार आहे, त्यात नीट उपचार मिळाले तर बहुसंख्य मुलं बरी होतात. औषधं पुढे गेली, पिक्चर तिथेच राहिले.

११:०० | मग ‘आनंद’ का चालतो?

इथे तुम्ही म्हणाल, अरे, फाईल तर ‘आनंद’मध्येही नाही! बरोबर. मीही अडकलो होतो इथे. परत बघितला.

‘आनंद’ सुरू होतो तेव्हाच आपल्याला कळतं की आनंद गेलाय. डॉक्टर भास्करला, म्हणजे अमिताभला, पुस्तकासाठी बक्षीस मिळतंय आणि तो मागचं सांगतोय. त्यामुळे ‘मरणार का?’ हा प्रश्नच बाद. उरलेला सगळा वेळ हृषीकेश मुखर्जींनी माणसांना दिलाय. आणि तो भास्कर आनंद भेटण्याच्या आधीपासून चिडलेला आहे, कारण गरीब वस्तीत आजार खरा आहे आणि औषधाला पैसे नाहीत, आणि श्रीमंत पेशंटला आजार नाही पण औषध हवंय. म्हणजे पिक्चरला माहितीये की दुखण्याला खर्च असतो.

आनंदसाठी बाकीचे काहीतरी करतात, हे पण दिसतं. मित्राच्या बायकोचा जीव तुटतो. रमेश देव आणि सीमा देव, खऱ्या आयुष्यातलं जोडपं, तिथेही डॉक्टर कुलकर्णी आणि त्याची बायको सुमन. हॉस्पिटलची कडक मेट्रन आहे ललिता पवार. त्या आपल्या जिल्ह्यातल्या, जन्म येवल्याचा. आम्ही नाशिकवाले हे प्रत्येक वेळी सांगणारच, सवय करून घ्या.

१२:४० | ज्यात फाईल आहे तो पिक्चर

पण काकूच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे ‘श्वास’. २००४, दिग्दर्शक संदीप सावंत, त्याचाही हा पहिलाच. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणारा दुसरा मराठी पिक्चर, आणि त्या वर्षी भारताकडून ऑस्करला गेलेला.

त्यात हिरो-हिरोईन नाहीत. कोकणातले आजोबा, अरुण नलावडे, नातवाला घेऊन शहरात येतात. नातू परशुराम, अश्विन चितळे. डोळ्यांचा कॅन्सर, रेटिनोब्लास्टोमा. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. आजार जीवघेणा, पण प्रश्न ‘मरेल का’ एवढाच नाही. पोराला हे सांगायचं कोणी आणि कसं?

त्या पिक्चरमध्ये काय आहे? बाकडं. कॉरिडॉर. डॉक्टरसाठी थांबणं. फॉर्मवरची सही. डॉक्टरचं म्हणणं समजून न घेता मान डोलावणारे आजोबा. आणि ऑपरेशनच्या आधी ते पोराला घेऊन हॉस्पिटलमधून गायब होतात, कारण त्याचे डोळे जाण्याआधी त्याला जेवढं दाखवता येईल तेवढं दाखवायचंय. तुम्ही म्हणाल, हे तर पॅरिसच झालं! हो. पण इथे त्या फिरण्याची किंमत आपल्याला माहितीये, कारण आधीचा तास-दीड तास आपण त्या बाकड्यावर बसलेलो असतो.

आणि पिक्चरच्या बाहेरचं उदाहरण हवं असेल तर आमच्या मोसम नदीच्या काठाने खाली जा, मालेगाव. तिथे पॉवरलूमवर काम करणारा शफीक शेख. नासिर शेखने त्याला घेऊन ‘मालेगाव का सुपरमॅन’ बनवला. फैझा अहमद खानच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ डॉक्युमेंटरीत हे सगळं शूटिंग दिसतं. बारीक अंगाचा, कपडे ढगळ, आणि तोंडभर हसणारा सुपरमॅन. पुढे शफीक कॅन्सरने गेला. २०२५ ला रीमा कागतीचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला, त्यात मित्र आजारी शफीकला हिरो करतात. मॅनीही मित्रांबरोबर पिक्चर बनवतो. पण शफीकच्या गोष्टीत कॅमेरा, लूम आणि खिसा, तिन्ही दिसतात, म्हणून त्याचं उडणं आपल्याला लागतं.

१४:४० | एक राहून गेलेला सीन

एक आक्षेप मला माहीत आहे. ‘पिक्चर म्हणजे आरोग्य खात्याची जाहिरात आहे का?’ नाही. मला माहिती नकोय, मला प्रेमच बघायचंय. माझं एवढंच म्हणणं आहे की आजारपणात प्रेम ह्याच कामांमधून होतं. ती कामं काढली तर वाक्यं उरतात.

पण एक सीन असता तर खरंच फरक पडला असता, आणि हे मी थोडं रागाने बोलतोय. वेदनेचा सीन.

काकांचे शेवटचे दोन महिने घरी गेले. रात्री झोप नाही. जवळच्या एका दवाखान्यात विचारलं तर ‘आता काही करण्यासारखं नाही’ म्हणून परत पाठवलं. आम्हाला वाटलं, असंच असतं. पॅलिएटिव्ह केअर हा शब्द मी काका गेल्यानंतर ऐकला. त्याचा अर्थ मरणाची वाट बघणं असा नाही. दुखणं, धाप, मळमळ, झोप, घरच्यांची भीती ह्या सगळ्यावरचा उपचार, आणि तो मुख्य उपचार चालू असतानाही घेता येतो. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या असतात, महागही नसतात. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे त्या मिळणं फार अवघड झालं होतं, २०१४ च्या दुरुस्तीने ते थोडं सोपं केलं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या, पण असतात. ‘काही करण्यासारखं नाही’ हे खरं नव्हतं.

विचार करा. जुलै २०२०, पिक्चर फुकट, देशभरातले फोन त्याच्यावर. मॅनीला रात्री दुखतंय आणि किझी फोनवर डॉक्टरला खडसावून विचारतेय की त्याचं दुखणं कमी करायला काय करता येईल, असा दोन मिनिटांचा सीन. रोमँटिक नाही? माझ्या मते त्या पिक्चरमधला सगळ्यात रोमँटिक सीन झाला असता. आणि कुठल्यातरी गावात कोणीतरी दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला असता.

म्हणून मी सांगतो, पिक्चरने नाही सांगितलं तर. घरात कोणी असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळेल?’ आणि खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, २०१७ पासून हे नाव. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात येतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो, त्याच्याकडे जा. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये जायची वेळ आली तर राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत विचारा. आणि हो, फाईल मांडीवर घ्या.

१७:२० | जाता जाता

त्या रात्री पिक्चर संपला. आई आणि बहीण रडत होत्या, मीही. सुशांतसाठी असेल, काकांसाठी असेल, वेगळं कसं करणार? काकू रडली नाही. तिने लसणाची टरफलं सुपात गोळा केली आणि उठली.

नंतर एकदा मी तिला ‘श्वास’ लावून दिला. सहीच्या सीनला तिने फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. बोलली काही नाही. संपल्यावर एकदम काकांचं काढलं. काका गेले आणि महिना-दीड महिन्यातच कांदा किलोला शंभरच्या वर गेला होता, २०१९ चा तो सीझन शेतकऱ्यांना आठवत असेल. काकू म्हणाली, “त्यासले भाव सांगाना राही गया.” त्यांना भाव सांगायचा राहून गेला.

फाईल अजून कपाटात आहे. त्याच पिशवीत. आम्ही कोणी ती काढायचा विषय काढत नाही.

तर मंडळी, ‘दिल बेचारा’ तुम्हाला आवडला असेल तर मला काही अडचण नाही, खरंच. फक्त पुढच्या वेळी असा पिक्चर बघताना एक प्रश्न मनात ठेवा : ह्यात फाईल कुठंय? आणि ज्या पिक्चरमध्ये ती सापडेल त्याचं नाव मला व्हॉइस नोटवर पाठवा, मराठी, हिंदी, मल्याळम, कुठलाही चालेल. चांगली यादी झाली तर त्यावर एक एपिसोड करू.

काळजी घ्या. घरी फोन करा. भेटू पुढच्या रविवारी.